पूर एकट्या धरणाचा नसतो

वाईच्या गणपती घाटावर आलेला भाविक ढोल्या गणपतीचं दर्शन घेतो आणि परततो. देवळाच्या मागे जाऊन भिंत बघणारे थोडेच. ती भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची आहे. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं ते कृष्णेला पूर येणार हे धरूनच. लोंढा भिंतीवर आपटण्याऐवजी दोन्ही अंगांनी फाटून जावा, ही त्यामागची योजना. एका देवळासाठी एवढी युक्ती पुरली. पण हीच कृष्णा पुढे सांगलीत शिरते तेव्हा प्रश्न एका भिंतीचा राहत नाही. डोंगर, धरणं, संगम, पूररेषा, राज्याची हद्द आणि माणसांची वस्ती अशा कितीतरी पातळ्या त्यात एकमेकींवर चढलेल्या असतात. या पातळ्या आणि त्यांच्यातले दुवे एकत्र बघणारा प्रणाली-विचार हवा असतो तो इथे. दुर्दैवाने त्याबद्दलही गैरसमज आहेत आणि पुराबद्दल तर आहेतच.

गैरसमज: प्रणाली-विचार म्हणजे सगळ्याचा सगळ्याशी संबंध जोडणं

असं असतं तर त्या विचाराचा काही उपयोगच नसता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६२ साली मांडलं ते जवळपास याच्या उलट आहे. गुंतागुंतीची व्यवस्था थरांनी बनते, एका थरातल्या घटकांचे आपसातले संबंध घट्ट असतात आणि थराथरांमधले सैल. म्हणून थर वेगवेगळे अभ्यासता येतात. फक्त ते कुठे जोडलेले आहेत हे विसरायचं नाही. दहा वर्षांनी फिलिप अँडरसन या पदार्थवैज्ञानिकाने दाखवून दिलं की वरच्या थरावर नवे नियम उगवतात, ते खालच्या थराच्या नियमांतून आपोआप निघत नाहीत.

कृष्णेवर हे उघड दिसतं. महाबळेश्वरच्या पावसाचा थेंबन् थेंब मोजला तरी सांगलीजवळच्या हरिपूरला काय होईल ते त्यातून कळत नाही. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की एकीचं पाणी दुसरीला अडवतं आणि फुगवटा मागे सांगलीकडे सरकतो. कराडला कोयना आणि नरसोबावाडीला पंचगंगा, तिथेही हाच प्रकार. ‘अडवणं’ हा गुण एकट्या कृष्णेत नाही आणि एकट्या वारणेतही नाही, तो संगमाचा आहे.

गैरसमज: धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला

पुराच्या दिवसांत हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते तपासून बघायला हवं. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). समजा ऑगस्टच्या सुरुवातीला त्यात ८५ टीएमसी पाणी आहे, म्हणजे २० टीएमसी जागा मोकळी. आता घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस लागला आणि धरणात लाख क्युसेकने, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट, पाणी येऊ लागलं. लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. सगळे दरवाजे बंद ठेवले तरी ती मोकळी जागा सव्वादोन दिवसांत भरते. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. धरण नसतं तर तेच पाणी पहिल्या दिवसापासून खाली आलं असतं. शिवाय धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसाला कुठलाच दरवाजा नाही. ओढेनाले भरतात आणि ते पाणी थेट नदीत जातं.

मग धरण आधीच रिकामं का ठेवत नाहीत? कारण ही धरणं मुळात सिंचन आणि विजेसाठी बांधली आहेत, पावसाळा संपताना ती भरलेली हवीत. पुरासाठी मोकळी जागा हवी आणि उन्हाळ्यासाठी भरलेलं धरण हवं, ही ओढाताण खरी आहे. २०१९ साली सांगली बुडाली, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात चारा छावण्या चालू होत्या. वाईच्या वर धोमचं पाणी ज्या शेतकऱ्यांच्या हळदीला आणि उसाला मिळतं, त्यांना जुलैमध्ये रिकामं धरण दाखवून सप्टेंबरच्या पावसाचा भरवसा द्या म्हणावं! चूक शोधायचीच असेल तर ती दरवाजा उघडण्याच्या तासात नाही. कोणत्या आठवड्यात किती जागा मोकळी ठेवायची, याचं वेळापत्रक सगळ्या धरणांचं मिळून केलं होतं का, हे आधी तपासलं पाहिजे.

गैरसमज: अलमट्टीमुळेच सांगली बुडते

२०१९ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० मध्ये तिने अहवाल दिला: या पुराला कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण किंवा हिप्परगी बंधारा कारणीभूत नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणं ही मुख्य कारणं. पूरग्रस्त भागातल्या अनेकांना हा निष्कर्ष मान्य नाही. त्यांचा राग मला समजतो, कारण नुकसान त्यांच्या घरात झालं. पण इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. अलमट्टीच्या आजच्या ५१९.६० मीटर पातळीला काय होतं, हा एक. उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेली तर काय होईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचंही तेच येईल असं धरता येत नाही. दुसऱ्या प्रश्नावर महाराष्ट्राने हरकत घेणं मला योग्य वाटतं. पण त्यासाठी पहिल्याचं उत्तर वाकवायची गरज नाही.

गैरसमज: शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांनीच येतो

निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एवढाच की त्या उंचीचं पाणी येण्याची शक्यता दर वर्षी अनुक्रमे ४ टक्के आणि १ टक्का. निळ्या रेषेवर घर बांधून तिथे ३० वर्षं राहिलात, तर निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होते. लाल रेषेवरही ती २६ टक्के आहे. हे गृहकर्ज देताना कुणी सांगत नाही.

गैरसमज: हा इंजिनिअरांचा विषय आहे

गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलज्ञाने १९४५ सालीच लिहून ठेवलं आहे की पूर निसर्ग आणतो, नुकसान मात्र बरंचसं माणसाच्या निर्णयांतून होतं. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, मगरमच्छ कॉलनी इथे पाणी सगळ्यांत आधी शिरतं. तिथे स्वस्त जागा का मिळते, तिथे कोण राहायला जातं, याची उत्तरं जलविज्ञानात नाहीत. ती अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राकडे मागावी लागतात.

इशाऱ्याचंही तसंच. पाटबंधारे खातं विसर्ग क्युसेकमध्ये सांगतं. नदीकाठचा माणूस विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ सांगलीतल्या १९२९ च्या या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. बहे, ताकारी, भिलवडी या पुलांवरही पातळी मोजली जाते. ‘अमुक इतके क्युसेक’ या आकड्याचं ‘उद्या तुमच्या गल्लीत इतके फूट’ असं रूपांतर करून देणं हे भाषेचं काम आहे, आणि तेही पूरनियंत्रणच आहे.

एवढं होऊनही लोक घर सोडत नाहीत, तेव्हा त्यांना हट्टी म्हटलं जातं. दावणीला दोन म्हशी असलेला माणूस बोटीत बसायला का कचरतो, याचं उत्तर कुठल्याही जलाशयाच्या तक्त्यात सापडणार नाही. निवारा केंद्रात जनावरांना जागा आणि वैरण आहे का, ही नोंद पूर आराखड्यात विसर्गाच्या आकड्यांशेजारी असायला हवी, आणि ती जून उजाडण्याआधी भरलेली असायला हवी.