वलसाडच्या बांधवांचा तंटा आणि आपली घरे

सप्टेंबर २०१३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वलसाडकडील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेसंबंधी निकाल दिला. त्यास आता एक तप उलटून गेले. तरीही तो विषय आमच्या कुटुंबांतून निघावयाचा राहत नाही. हजिऱ्याच्या रस्त्यावर इच्छापोर परिसरात कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने वसई-डहाणूची, नगर-नाशिकची आणि खानदेशची माणसे येऊन राहिली आहेत. शेजारच्या दारी कोणी सी.एन.आय.चा आहे, कोणी मेथॉडिस्ट, कोणी नंदुरबार-नवापूरकडील अलायन्स मंडळीचा, तर कोणी ब्रेदरन. सणावाराला फराळाची ताटे इकडून तिकडे जातात; मुलांच्या सोयरिकी जुळतात; आणि मग प्रश्न उठतो की, "ह्या मंडळ्या एक झाल्या असे ऐकले होते, त्या पुन्हा दोन कशा झाल्या?" कित्येकांच्या स्वरात किंचित समाधानही असते, ते आम्हांस रुचत नाही. म्हणून हा लेख.

इतिहास येथूनच सुरू होतो. इच्छापोरहून पश्चिमेस समुद्राकडे गेले की सुवाळीचा किनारा लागतो. १६१२ साली ह्याच सुवाळीच्या पाण्यात इंग्रज व पोर्तुगीज जहाजांची लढाई जुंपली. एका बाजूस अँग्लिकन, दुसऱ्या बाजूस कॅथलिक. तोफा डागणारे दोन्हीकडील खलाशी एकाच ख्रिस्ताचे नाव घेत होते. पुढे इंग्रजांची वखार सुरतेस बसली आणि त्यांच्या वकिलाच्या, सर टॉमस रो ह्यांच्या, सेवेत एडवर्ड टेरी ह्यांच्यासारखे अँग्लिकन धर्मगुरू आले. आपल्या देशातील अँग्लिकन उपासनेचा आरंभ पाहू गेल्यास तो ह्या सुरतेच्या वखारीपाशीच पाहावा लागतो. त्याच शतकात सुरतेस कपुचिन संघाचे फादर अँब्रोज राहत होते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्यांच्या निवासास धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये ह्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे परधर्मीय राजाने ह्या फिरंगी पाद्र्याचा मान राखला, पण फिरंग्यांना एकमेकांचा मान राखणे जमत नव्हते!

१८१५ मध्ये लंडन मिशनचे स्किनर व फायव्ही सुरतेस आले. ते काम पुढे आयर्लंडच्या प्रेसबिटेरियन मिशनने चालविले. शतकाच्या अखेरीस, १८९४ मध्ये, अमेरिकेहून विल्बर स्टोव्हर नावाचे ब्रेदरन मिशनरी सपत्नीक आले व वलसाडला राहिले. अंकलेश्वर, व्यारा, डांगातील आहवा आणि मराठी मुलखात डहाणू येथवर त्यांचे काम पसरले. डहाणूकडील आमच्या वाचकांस त्यांचा दवाखाना ठाऊक असेल.

हे ब्रेदरन लोक कोण, हे समजून घेतल्याखेरीज पुढचा तंटा उमगावयाचा नाही. १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाऊ येथे ही मंडळी निघाली. तान्ह्या मुलास ते बाप्तिस्मा देत नाहीत. मनुष्याने जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करावा व मग पाण्यात उतरावे, असे त्यांचे मत. बाप्तिस्म्याच्या वेळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्या तीन नावांनी तीनदा बुडवितात. ते शस्त्र धरीत नाहीत, युद्धास विरोध करतात. आणि त्यांचे प्रीतिभोजन! त्या संध्याकाळी ते आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र साधे जेवण घेतात आणि नंतर प्रभुभोजनाची भाकर मोडतात. आपल्याकडे पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो आणि बाकीचे पाहतात. त्यांच्याकडे प्रत्येकाला कोणाचे तरी पाय धुवावे लागतात व कोणाकडून तरी धुवून घ्यावे लागतात. ही रीत आपणांस लाजविणारी आहे, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता एकीकरणाकडे वळू. उत्तर हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एक व्हावे ह्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. चाळीस वर्षे मसुदे झाले, फिरले, पुन्हा लिहिले गेले. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे लोक ज्यास सी.एन.आय. म्हणतात तिची, स्थापना झाली. तीत अँग्लिकन आले. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन ह्यांची आधीच एक झालेली मंडळी आली. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, डिसायपल्स आणि ब्रेदरन आले. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी मात्र त्याच वर्षी ऐन वेळी बाहेर राहिली. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची लेकरे, नाशिकची अँग्लिकन घरे आणि वलसाडचे ब्रेदरन असे एका छपराखाली आले.

हे काम स्वार्थाने झाले नाही. जातीजातींत, भाषाभाषांत विखुरलेल्या ह्या देशात आपण परदेशातील जुनी भांडणे का वाहावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु दोन अवघड गाठी होत्या. पहिली बाप्तिस्म्याची. अँग्लिकन तान्ह्यास बाप्तिस्मा देणार, ब्रेदरन व बॅप्टिस्ट देणार नाहीत. तोडगा असा काढला की दोन्ही रीती मान्य कराव्या. आईबापांनी हवे तर तान्ह्याचा बाप्तिस्मा करावा, नाहीतर त्याचे समर्पण करून बाप्तिस्मा मोठेपणी द्यावा. दुसरी गाठ धर्मगुरुपदाची. अँग्लिकनांस बिशपाच्या हस्तार्पणाशिवाय चालत नाही. इतरांचे पाळक तसे दीक्षित नव्हते. तेव्हा नागपूरला सर्वांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. त्या कृतीचा अर्थ नवी दीक्षा असा घ्यावा की केवळ आशीर्वाद, हे ज्याचे त्याने समजावे, अशी शब्दरचना जाणूनबुजून ठेविली होती. १९४७ मध्ये दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया झाली तेव्हा असे हस्तार्पण केले नव्हते. त्यावरून अँग्लिकन जगात वाद माजला होता, म्हणून उत्तरेत ही काळजी घेतली गेली.

आमचे मत स्पष्ट सांगतो. जो शब्द दोन्ही पक्षांस दोन अर्थांनी गोड लागतो, तो करारावर सही होईपर्यंत उपयोगी पडतो. पुढे प्रत्येक पक्ष आपलाच अर्थ घेऊन घरी जातो. अँग्लिकनांस वाटले, सर्वांनी बिशप स्वीकारला. ब्रेदरनांतील कित्येकांस वाटले, आपली मंडळी होती तशीच आहे, केवळ वर एक पाटी आली. काही वर्षांतच त्यांच्यातील एका गटाने आम्ही ब्रेदरनच आहोत म्हणून वेगळी चूल मांडली. मग देवळे कोणाची, बंगले कोणाचे, शाळांचे मैदान कोणाचे?

तो वाद धर्मादाय आयुक्तांपासून दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय करीत दिल्लीस पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाने काय ठरविले ते थोडक्यात असे. ब्रेदरन मंडळीचा न्यास १९५० च्या मुंबई सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला होता. असा न्यास केवळ ठराव मंजूर केल्याने संपत नाही, आणि त्याची मालमत्ताही ठरावाने दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते. ती पाळली गेली नव्हती, सबब सी.एन.आय.चे अपील फेटाळले गेले. नागपूरला ज्या प्रार्थना झाल्या त्या खऱ्या होत्या. पण सातबारा व न्यासाची वही तशीच जुन्या नावावर राहिली. आमच्या गावच्या देवळांच्या विश्वस्तांनीही आपले दप्तर एकदा उघडून पाहावे, एवढे जाता जाता सुचवितो.

आता जे ह्यात समाधान मानतात, त्यांच्यासाठी आपल्याच घरची गोष्ट. मुंबई बेटावर १७९४ पासून १९२८ पर्यंत कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या: एक पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदो हक्काची व दुसरी रोमच्या प्रोपगंडा मंडळाची. एकाच वस्तीत दोन देवळे, दोन पक्ष. वांद्र्याला सेंट अँड्र्यूज पाद्रोआदोचे, तर सेंट पीटर्स प्रोपगंडाचे होते. १८८६ पासून वसई व साष्टीची गावे दमणच्या धर्मप्रांतात होती, तर शेजारची माणसे मुंबईच्या बिशपांकडे. देवळाच्या किल्ल्या कोणाकडे ह्यावरून तेव्हाही भांडणे झाली. आणि तेथे बाप्तिस्म्याचा वाद नव्हता, मिस्साही एकच होती! १९२८ मध्ये रोम व पोर्तुगाल ह्यांच्यात करार झाला, तेव्हा ती दुहेरी सत्ता संपली. फरक एवढाच की शेवटचा शब्द कोणाचा, हे दोन्ही पक्षांस ठाऊक होते. पेत्राच्या आसनाचे मोल आम्ही पुस्तकात शिकलो, परंतु मुंबईच्या ह्या इतिहासात ते डोळ्यांना दिसते.

नेमका हाच प्रश्न अँग्लिकन जगात आज धगधगत आहे. सी.एन.आय. ही त्या जागतिक कुटुंबाचीही सभासद आहे, म्हणून तो आपल्या शेजाऱ्यांचाही प्रश्न होय. कँटरबरीचे आर्चबिशप ह्या कुटुंबात प्रथम मानाचे असतात, पण त्यांची आज्ञा इतर प्रांतांवर चालत नाही. २००८ मध्ये जेरुसलेमला आफ्रिका व अन्य देशांतील पुराणमताभिमानी अँग्लिकनांनी आपली वेगळी परिषद भरविली. २०२३ मध्ये इंग्लंडच्या मंडळीने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांस संमती दिली, तेव्हा दरी रुंदावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुलांवरील अत्याचाराचे एक जुने प्रकरण नीट हाताळले गेले नाही म्हणून आर्चबिशप वेल्बी ह्यांनी राजीनामा जाहीर केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी सारा मुलाली ह्यांची निवड जाहीर झाली. त्या पूर्वाश्रमीच्या परिचारिका असून ह्या आसनासाठी निवडलेल्या पहिल्या स्त्री आहेत. त्याच महिन्यात जेरुसलेम परिषदेच्या पुढाऱ्यांनी कँटरबरीचे अग्रस्थान आपण मानीत नाही असे घोषित केले.

स्त्रियांच्या धर्मगुरुदीक्षेविषयी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९४ मध्ये ती ठामपणे सांगितली. अँग्लिकन दीक्षेसंबंधी तेरावे लिओ ह्यांनी १८९६ मध्ये दिलेला निर्णयही कायम आहे. तथापि त्यांच्या घरी आग लागली म्हणून आपण टाळ्या पिटाव्या, हे कोणत्या शिकवणीत बसते? अत्याचाराचे पाप आपल्याही देवळांत शिरले होते. आशीर्वादाच्या प्रश्नावर डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून निवेदन निघाले, तेव्हा आफ्रिकेतील बिशपांनी हरकत घेतली. पण ती रोमशी बोलून घेतली, रोम सोडून नव्हे. उलट चांगलेही घडत आहे. १९६६ मध्ये सहावे पॉल ह्यांनी आर्चबिशप रॅम्झी ह्यांच्या बोटात स्वतःची अंगठी घातली होती. २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडचे राजे चार्ल्स ह्यांनी पोप चौदावे लिओ ह्यांच्यासह सिस्टाइन प्रार्थनालयात उघडपणे प्रार्थना केली.

हे सारे दूरचे. घरचा प्रश्न एका आईने आम्हांस विचारला तो असा: "मुलाला ब्रेदरन घरची मुलगी पसंत आहे. तिचा बाप्तिस्मा सतराव्या वर्षी हौदात झाला. तिला पुन्हा स्नान द्यावे लागेल काय? आणि तिच्या घरचे आता कोणत्या पक्षात आहेत हे पाहावे काय?" पहिल्याचे उत्तर, नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने योग्य हेतूने झालेला बाप्तिस्मा खरा असतो व तो एकदाच होतो, मग देणारा बिशप असो की पाळक. दाखला आणावा म्हणजे झाले. दुसऱ्याचे उत्तरही नाही. वलसाडच्या खटल्यात मुलीचा बाप कोणत्या बाजूस उभा होता, हे मुलाच्या आईने विचारण्याचे काम नव्हे.

बाकीचे नियम येथे सांगून टाकतो, कारण साखरपुडा झाल्यावर धावत येणारेच अधिक. अशा विवाहास बिशपांची परवानगी लागते. तिचा अर्ज धर्मगुरूमार्फत वेळेवर जावा. आपल्या पक्षाने स्वतःचा विश्वास राखण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक रीतीने व्हावे म्हणून आपल्याकडून होईल तेवढे करण्याचे वचन द्यावयाचे असते. दुसऱ्या पक्षास ते वचन नीट समजावून सांगावयाचे असते, दडपून वदवून घ्यावयाचे नसते. ब्रेदरन आईस तान्ह्याचा बाप्तिस्मा मनापासून खटकतो, हे मुलाने आधी जाणावे आणि ही बोलणी लग्नापूर्वी दोघांनी मिळून करावी, पाळण्याच्या दिवशी नव्हे. सुनेच्या मंडळीच्या उपासनेस बसण्यास, त्यांची गीते गाण्यास, घरी एकत्र प्रार्थना करण्यास आडकाठी नाही. प्रभुभोजनाची भाकर मात्र आपण तेथे घेऊ नये आणि आपल्या मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याचा आग्रह तिला करू नये. हे दुःख दोन्ही बाजूंनी सारखेच सोसावयाचे आहे. दर जानेवारीच्या १८ ते २५ तारखांस ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह असतो. त्या दिवसांत ज्यांच्या घरी दोन्हीकडची माणसे आहेत, त्यांनी संध्याकाळी दिवा लागल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय वाचावा. तो दोघांच्याही बायबलात आहे; वाचणाराने आपापल्या प्रतीतून वाचावा.