जुन्या गाडीचे मिसिंग : आधी सिलिंडर शोधा, मग सुटा भाग बदला

भाजीपाला, दूध आणि रोपे यांच्या ने-आणीसाठी अनेक बागायतदार जुनी पेट्रोल व्हॅन घेतात. भांडवल कमी लागते आणि घरच्या माणसांचीही सोय होते. परंतु अशा गाडीत एक दोष वारंवार आढळतो, तो म्हणजे इंजिनाचे मिसिंग. गाडी उभी असताना थरथरते, सायलेन्सरचा आवाज एकसारखा न येता मध्येच फट् असा ठोका येतो, चढावर ओढ राहत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, यंत्राचा नव्हे. परंतु हा दोष स्वतःच्या गाडीत आठ महिने सोसला असल्याने त्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

चारस्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला ३००० फेरे असताना एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटावा लागतो. त्यासाठी तीन गोष्टी वेळेवर जुळून याव्या लागतात : प्लगवर जोरकस ठिणगी, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण (वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा) आणि मिश्रण दाबले जाताना तयार होणारा दाब, ज्याला गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन म्हणतात. यांपैकी एक चुकली की तो ठोका वाया जातो. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर निकामी झाला तर एकतृतीयांश ताकद गेली असे समजावे.

चुनखडीयुक्त जमिनीत उसावर केवडा पडतो, तेव्हा पाने पिवळी दिसली म्हणून काही जण युरिया टाकतात. पीक सुधारत नाही, कारण उणीव लोहाची असते. तेथे हिराकसची फवारणी हवी. माझ्या गाडीच्या बाबतीत नेमके हेच झाले. पहिल्या गॅरेजमध्ये तिन्ही प्लग बदलले. दोन दिवस बरे वाटले, पुन्हा मिसिंग सुरू. दुसरीकडे प्लगच्या वायरी आणि कॉइल बदलली. तिसरीकडे कार्ब्युरेटर उघडून साफ केला. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या नंबरचा प्लग पेट्रोलने ओला निघत होता आणि प्रत्येक जण 'ठिणगी कमी पडते' असाच निष्कर्ष काढीत होता. ओला प्लग एवढेच सांगतो की पेट्रोल आत आले, पण जळले नाही. ते का जळले नाही, हे तो सांगत नाही. ठिणगी नसली तरी प्लग ओला होतो आणि दाब नसला तरीही ओलाच होतो.

म्हणून सुटे भाग विकत घेण्यापूर्वी दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते ठरवावे. २०१३ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हे काम सोपे आहे. स्कॅनर जोडला की पी ०३०१, पी ०३०२ असा संकेत मिळतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर असतो. पी ०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरते नाही, असे समजावे. मात्र संकेत जागा दाखवतो, कारण नव्हे. तो पाहून लगेच कॉइल बदलणे ही पुन्हा युरियाचीच गोष्ट झाली.

स्कॅनर लागत नसेल अशा जुन्या गाडीत इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिच्यात जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकलेला राहील असा बांधावा आणि मग इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. वायर हवेत मोकळी सोडू नये, त्याने कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो. चालू इंजिनाची वायर हाताने ओढणे तर टाळावेच. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो. वायर काढल्यावर इंजिन आणखी डळमळले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच दोषी.

दोषी सिलिंडर सापडला की अदलाबदल करावी. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. न सरकल्यास वायर, मग (प्रत्येक सिलिंडरला वेगळी असल्यास) कॉइल आणि इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर. एका वेळी एकच भाग हलवावा. तीन भाग एकदम बदलून गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही. आपण प्रयोगात साक्षी प्लॉट ठेवतो तो याचसाठी.

मिसिंग केव्हा होते याचीही नोंद ठेवावी. पावसाळी सकाळी होऊन दुपारी थांबत असेल तर वायर किंवा कॅपमधून वीज झिरपत असते. अंधारात बॉनेट उघडल्यास निळसर ठिणग्या दिसतात. चढावर, भरल्या गाडीत होत असेल तर प्लगचे अंतर वाढलेले किंवा कॉइल अशक्त. गाडी दीर्घकाळ उभी राहिली असेल तर टाकीत पाणी आणि गंज यांचा संशय घ्यावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले हे खरे, पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. मिसिंग फक्त स्लोला ठळक असेल आणि वेग घेतल्यावर कमी होत असेल, तर हवा चोरणारी फाटकी नळी किंवा दाबाची गळती, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

माझ्या गाडीचे मिसिंग स्लोलाच जास्त होते, आणि अदलाबदल करूनही दोष दुसऱ्या नंबरवरून हलला नाही. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी नवा भाग आणू न देता कॉम्प्रेशन तपासले. इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, पेट्रोल व ठिणगी बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारतात. गेजवर पहिल्याला १२, तिसऱ्याला ११.५ आणि दुसऱ्याला फक्त ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब आला. नंतर त्यांनी दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. दाब वाढला असता तर दोष रिंगांचा, कारण ऑइल तेथील फट तात्पुरती भरते. दाब वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असते तर गॅसकेटचा संशय बळावला असता. येथे एकच होता. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाचा पडलेली दिसली.

कारण मागील सीटखाली सापडले. तेथे पट्ट्यांची भोके होती. आधीच्या मालकाने एलपीजी किट काढून गाडी विकली होती. गॅसवर काही जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचे अंतर संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता सीटला जात नाही आणि तो जळतो. वेळीच टॅपेट लावले असते तर थोड्याशा मजुरीत भागले असते. प्लग, वायरी, कॉइल यांवरील खर्च फुकट गेलाच, शिवाय हेडचे काम निघाले.

म्हणून जुनी गाडी घेताना आर.सी.वरील इंधनाची नोंद वाचावी, सीटखाली पाहावे आणि गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवण्यास सांगावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी पहाटे जावे. कॉम्प्रेशन तपासणीचा खर्च घेणाऱ्याने स्वतः करावा, व्यवहार ठरण्यापूर्वी.

मिसिंग असलेली गाडी तशीच रेटू नये. न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरील ऑइल धुऊन नेते. सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यास ते तेथे जाऊन पेटते व तो भाग लालबुंद होतो. अशी गाडी खळ्यावर, वाळलेल्या गवतात किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये.