ट्रोल मठ्ठ का असतो? स्वभाव आणि उपाधी



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत ट्रोल कशाला? आधी एक खुलासा करू. समाजमाध्यमांवर शिव्या देत फिरणारे ट्रोल आपल्याला इथं अभिप्रेत नाहीत. मूळचा ट्रोल हा स्कँडिनेव्हियाच्या लोककथांमधला. डोंगरात राहणारा, धिप्पाड, डोक्यानं जड, आणि पुष्कळ कथांमध्ये सूर्यप्रकाश पडला की दगड होणारा. या ट्रोलला इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी आपल्या 'डिस्कवर्ल्ड' या काल्पनिक जगात आणलं आणि त्याच्या मठ्ठपणाचं एक कारण शोधून काढलं. ते कारण आपल्याला आज तपासायचं आहे.

प्रॅचेट यांचा जन्म 1948 चा, मृत्यू 2015 चा. 1983 साली 'द कलर ऑफ मॅजिक' आली आणि पुढं या मालिकेत एकूण 41 कादंबऱ्या झाल्या. हे जग थाळीसारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत. दिग्गज आणि कूर्म लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या मंडळींना हे चित्र फारसं परकं वाटू नये.

या जगातले ट्रोल हे चालतेबोलते खडक आहेत. आपलं शरीर कार्बनवर उभं आहे, त्यांचं सिलिकॉनवर. ते दगड खातात, आणि त्यांचे दात हिऱ्याचे असतात. नावंही खनिजांची आणि खडकांची: रूबी, क्रिसोप्रेझ, डिट्रायटस. डिट्रायटस म्हणजे खडकांची झीज होऊन साचलेला चुरा. म्हातारे ट्रोल एका जागी बसून विचार करत राहतात, इतका वेळ की शेवटी त्यांचा डोंगर होतो. निवृत्त प्राध्यापकांना ही सवय ओळखीची वाटेल!

त्यांची काळाची कल्पनाही विलक्षण. आपण म्हणतो भविष्य पुढं, भूतकाळ मागं. ट्रोल म्हणतात, उलट आहे. जे दिसतं ते डोळ्यांसमोर असणार, आणि आपल्याला दिसतो तो भूतकाळ. म्हणजे आपण सगळे भविष्याकडे पाठ करून उलटे चालतो आहोत. हा नुसता विनोद नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या आयमारा भाषेत भूतकाळासाठी खरोखरच 'समोर' या अर्थाचा शब्द वापरतात, आणि भविष्यासाठी 'पाठीमागे' या अर्थाचा. म्हणजे ट्रोल वेगळा विचार करतो, पण विचार करतो.

तरीही आंख-मॉरपॉर्क या शहरात ट्रोल म्हणजे मठ्ठ हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुरावा काय? तर त्यांना मोजता येत नाही. एक, दोन, तीन, आणि मग 'पुष्कळ'. संपलं. आपणही वर्गात एखाद्याला 'दगड' म्हणतो, 'ढ' म्हणतो, तसंच हे.

पण प्रॅचेट 'मेन ॲट आर्म्स' या 1993 सालच्या कादंबरीत सांगतात की 'पुष्कळ' हीसुद्धा एक संख्या असू शकते, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षातच आलेलं नाही. पुष्कळ म्हणजे चार. पुढं पुष्कळ-एक, पुष्कळ-दोन, पुष्कळ-तीन, मग पुष्कळ-पुष्कळ, म्हणजे आठ. असं करत पंधरापर्यंत जायचं, आणि सोळाला वेगळा शब्द, 'ढीगभर' म्हणा. ही चारच्या पटीतली व्यवस्थित मोजणी आहे. आपल्याकडे बाजारात बसलेली आजी 'तीन विसा नि दहा' म्हणते, तेव्हा तिला सत्तर येत नाहीत असं म्हणायचं का? तिला सत्तर येतात, फक्त आपल्या पाढ्यातले येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. याच कादंबरीत डिट्रायटस हा ट्रोल शहराच्या पहारेकऱ्यांत भरती झालेला आहे. त्याचा जोडीदार कडी हा ड्वार्फ, म्हणजे खाणीत राबणाऱ्या बुटक्या जमातीतला. ट्रोल आणि ड्वार्फ यांचं पिढीजात वैर. हे दोघं एका गोठवणाऱ्या थंड गोदामात अडकतात. थंडी वाढत जाते तसा डिट्रायटस हुशार होत जातो आणि भिंतीवर अवघड गणितं मांडू लागतो. बाहेर उबेत आल्यावर पुन्हा पहिल्यासारखा मंद.

कारण साधं आहे. त्याचा मेंदू सिलिकॉनचा. ट्रोल मूळचे थंड, उंच पर्वतांतले. पोटासाठी ते खाली सपाटीवरच्या उबदार शहरात येतात, आणि तिथं त्यांचा मेंदू तापतो. आपल्या संगणकातली चिपसुद्धा सिलिकॉनचीच असते. ती फार तापली की स्वतःचा वेग कमी करते, म्हणून तर आत पंखा बसवलेला असतो. मे महिन्यात नागपुरात उन्हात ठेवलेला मोबाईल अडखळायला लागला, तर आपण त्याला जन्मजात मठ्ठ म्हणत नाही.

इथं आपल्या न्यायदर्शनातला एक शब्द उपयोगी पडतो: उपाधी. उपाधी म्हणजे पदवी नव्हे, आणि कटकटही नव्हे. तर्कशास्त्रात उपाधी म्हणजे अनुमानात लपून बसलेली अट. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण घ्या. 'जिथं धूर तिथं विस्तव' हे बरोबर. पण 'जिथं विस्तव तिथं धूर' हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव आहे, धूर नाही. धूर येतो तो लाकूड ओलं असेल तर. ओलं लाकूड ही इथं उपाधी. ज्यानं आयुष्यभर ओलीच लाकडं जळताना पाहिली, त्याला धूर हा विस्तवाचा स्वभाव वाटणारच.

आंख-मॉरपॉर्कच्या लोकांचं नेमकं हेच झालं. 'जिथं ट्रोल तिथं मठ्ठपणा.' त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. त्यांनी शेकडो ट्रोल पाहिले होते आणि ते सगळे मंदच होते. पण ते सगळे तापलेले ट्रोल होते. पुरावा ढीगभर होता, पण एकाच हवेतला. आणखी हजार ट्रोल त्याच शहरात पाहिले असते, तरी ही चूक सुधारली नसती, उलट पक्की झाली असती.

तत्त्वज्ञांनीही ही चूक केलेली आहे. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'मध्ये काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं मांडलं. उलट जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1869 साली 'द सब्जेक्शन ऑफ विमेन' या पुस्तकात म्हटलं की स्त्री-पुरुषांना आपण फक्त आजच्या नात्यातच पाहिलेलं आहे, तोवर त्यांच्या खऱ्या स्वभावाचं ज्ञान आपल्याला होऊच शकत नाही. पुढं 1882 साली आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि स्त्रियांच्या माथी मारलेले दोष एकेक करून पुरुषांच्या दारात नेऊन ठेवले.

आणि आज? ऊसतोडणीला गेलेल्या आईवडिलांबरोबर हंगामाचे कित्येक महिने फडात काढणारं पोर परत वर्गात येतं आणि मागच्या बाकावर 'ढ' ठरतं. गुरुजींचं निरीक्षण खरं असतं, त्याला वाचता येत नाही. पण निरीक्षणाकडून स्वभावाकडे मारलेली उडी चुकीची असते. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण फार लवकर वापरतो, कारण ती वापरली की औषध शोधायचं काम उरत नाही.

यावर कोणी विचारेल, मग सगळं परिस्थितीच का? स्वभाव नावाची चीजच नाही? आहे. थंडीनं डिट्रायटसचा माणूस होत नाही, तो ट्रोलच राहतो. उपाधी सांगताना ती दाखवावी लागते, काढून पाहावी लागते. ओलं लाकूड वाळवून पाहा, धूर जातो का. परीक्षा न करता 'परिस्थितीच वाईट' म्हणणं हाही आळसच.

कडीनं ती परीक्षा केली. त्यानं गोदामातला डिट्रायटस पाहिला, आणि मग त्याच्यासाठी डोकं गार ठेवणारं शिरस्त्राण तयार केलं, वर किल्लीचा पंखा बसवलेलं. पिढीजात वैऱ्यानं! त्यानं कीव केली नाही, भाषण केलं नाही, पंखा बसवला. आणखी एक. पंखा नसतानाही डिट्रायटस आपलं काम निष्ठेनं करतच होता, आणि पुढं तो सार्जंट झाला. त्याची किंमत त्याच्या गणितावर अवलंबून नव्हती. हुशार निघाला म्हणून मान द्यायचा, हा विचारही अपुराच.

शेवटी एका खेळाचा उल्लेख करू. 'थड!' या 2005 सालच्या कादंबरीत ट्रोल आणि ड्वार्फ यांच्या जुन्या लढाईवरचा एक पटाचा खेळ आहे. एका बाजूला 8 ट्रोल, दुसऱ्या बाजूला 32 ड्वार्फ. पूर्ण सामना खेळायचा तर दोन डाव खेळावे लागतात: एकदा स्वतःच्या बाजूनं, आणि मग पट फिरवून समोरच्याच्या बाजूनं. दुसरा डाव खेळल्याशिवाय कोण जिंकलं ते ठरत नाही.

कुणाबद्दल 'त्याचा स्वभावच तसा' असं तोंडावर आलं, की आपणही एवढंच विचारावं: याला आपण कुठल्या हवेत पाहिलं? आणि दुसऱ्या हवेत एकदा तरी पाहिलं आहे का?

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.