पाणी उताराला, पाडा चढाला

मार्च उजाडला की शहापूर-मुरबाडच्या डोंगरपाड्यांखाली ओढ्यांच्या कोरड्या पात्रात डवरे खणले जातात. डवरा म्हणजे हात-दीड हात खोल खड्डा. त्यात पाणी झिरपायची वाट पाहायची, साचलं की वाटीनं अलगद उचलायचं. घाई केली तर तळचा गाळ ढवळतो. पंधरा लिटरचा हंडा आणि दीडशे मिलिलिटरची वाटी धरली, तर एका हंड्याला शंभर वाट्या होतात. मग तो डोक्यावर घेऊन चढ चढायचा.

आणि हा काही कमी पावसाचा मुलूख नव्हे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या भागात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईची तहानही इथूनच भागते. महानगराला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार एकट्या भातसात आणि १ लाख ४५ हजार १८९२ सालच्या तानसात. म्हणजे मुंबईच्या साठ्याचे दहापैकी सहा हिस्से शहापूर तालुक्यातल्या दोन धरणांत आहेत. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे इथलं रोजचं गाऱ्हाणं आहे.

असं का होतं? पहिलं कारण पायाखाली आहे. काळ्या बेसॉल्ट खडकाला पाणी साठवायला जागा थोडी; ते भेगांत आणि वरच्या मुरमात मुरेल तेवढंच. त्यात उतार तीव्र. चार महिन्यांचा पाऊस ओढ्यांतून भातसा, काळू या नद्यांत आणि तिथून उल्हास नदीत धावतो. दिवाळीनंतर विहिरींची पातळी उतरू लागते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत अनेक विहिरी तळ दाखवतात.

दुसरं कारण उंचीचं. धरण दरीत, पाडे माथ्यावर. तानशाचं पाणी उतारानं जलवाहिनीतून मुंबईला जातं. भातशाचं नदीपात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथं उपसलं जातं. पाड्यावर मात्र ते पंपानंच चढवावं लागतं. पंप आला की वीजबिल आलं, दुरुस्ती आली. बिल थकलं की नळ कोरडा, आणि पुन्हा टँकर. तो विहिरीत रिता होतो आणि दोर-बादल्यांची झुंबड उडते.

म्हणूनच भातशाच्या शेजारची गावं घाटावरच्या, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाकडे डोळे लावून बसली. तिथलं पाणी उतारानं शहापूरच्या टंचाईग्रस्त गावपाड्यांना द्यायचं, असा त्या योजनेचा विचार. मुरबाडमध्ये काळू नदीवरच्या धरणाचं काम २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबलं. जमीन आणि जंगल आमचं बुडणार आणि पाणी शहरांना जाणार, हा तिथल्या आदिवासींचा सवाल. तो अडाणीपणाचा नव्हे, अनुभवाचा आहे.

मोठ्या योजना होतील तेव्हा होवोत. पाड्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवणं मात्र आजच्या आवाक्यात आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, ओहोळात आडव्या थरानं रचायच्या: झाला वनराई बंधारा. त्यामागं साठलेलं पाणी गुरांना, भाजीपाल्याला होतं आणि खालच्या विहिरीलाही पाझर देतं. पावसाळ्यात तो वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्यानं बांधावा लागतो.

दुसरा साठा छपराचा. पन्नास चौरस मीटर पत्र्यावर इथल्या पावसात सव्वा लाख लिटर पाणी पडतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यापुरतं माणशी २० लिटर धरलं, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना १२ हजार लिटर पुरतात. म्हणजे पडलेल्या पाण्याचा दहावा हिस्साही नाही. अडचण पावसाची नाही, टाकीच्या खर्चाची आहे. आणि तो वर्षानुवर्षांच्या टँकरफेऱ्यांशेजारी मांडून पाहायला हवा.

तिसरी गोष्ट राखणीची. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणण्यावर कायद्यानं निर्बंध आहेत. फार्महाऊसच्या कूपनलिका वाढत असताना ग्रामसभेनं हा नियम हातात धरायला हवा.

दिवाळीच्या सुमारास शहापूर-मुरबाडचे ओहोळ अजून वाहते असतात. बंधारा घालायचा तो याच दिवसांत. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात, मग रचणारे हात कमी पडतात. फराळ आटोपला की एक दिवस गोण्या भरायला काढा. डिसेंबरात अडवायला फारसं पाणी उरत नाही.