प्लेसमेंटची तयारी: काही समजुती आणि खरी स्थिती

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्लेसमेंटची चर्चा सुरू होते, आणि सिनिअरांकडून चालत आलेल्या काही समजुतीही पुढच्या बॅचकडे जातात. त्यातली सगळ्यांत महागात पडणारी म्हणजे जितक्या प्रोग्रॅमिंग भाषा जास्त, तितकी नोकरी पक्की. मग सी, जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट अशी सगळ्यांची तोंडओळख होते आणि एकीतही दोनशे ओळींचा प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर लिहिता येत नाही. मुलाखतीत भाषा बहुतेकदा उमेदवारालाच निवडू देतात. विचारलं जातं ते असं: १० लाख नावांच्या अकारविल्हे यादीत एक नाव शोधायला किती तुलना लागतील? एकेक नाव पाहत गेलात तर १० लाखांपर्यंत. दर वेळी यादी निम्मी करत गेलात तर साधारण २०. भाषा कुठलीही घ्या, हे गणित बदलत नाही. म्हणून एक भाषा नीट शिका आणि डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय पास होण्यापुरते उरकू नका.

प्रोजेक्ट शेवटच्या वर्षाचा विषय आहे, ही दुसरी समजूत. ते वर्ष आलं की तयार प्रोजेक्ट विकत आणला जातो, काळ्या जाड पुठ्ठ्यात रिपोर्ट बांधला जातो, आणि मुलाखतीत ‘हा डेटाबेस असा का रचला?’ म्हटलं की मुलगा गप्प होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण शिकण्याची सगळ्यांत चांगली संधी पैसे मोजून घालवलेली असते. त्यापेक्षा दुसऱ्याच वर्षी होस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारं छोटं ॲप करा. पैसे दशांशात साठवले की गोंधळ होतो, हे तिथे कळतं. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश अचूक मांडताच येत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची. पुढे दोघांनी एकाच क्षणी शेवटचं ताट बुक केलं की डेटाबेसमधलं ट्रान्झॅक्शन कशासाठी असतं ते समजतं. दहा मित्रांनी महिनाभर खरोखर वापरलेलं असं ॲप, त्यातल्या चुका आणि त्या कशा सुधारल्या, यावर मुलाखतीत अर्धा तास बोलता येतं. कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा.

‘मार्कांना कोण विचारतं?’ हे अर्धंच खरं. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के हवेत आणि बॅकलॉग नको अशी अट घालतात. त्याखाली असाल तर चाचणीलाच बसू देत नाहीत. अट पार झाल्यावर मात्र आठ आणि नऊ सीजीपीएमधला फरक फारसा मोजला जात नाही.

मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांना दार बंद, हेही खरं नाही. मोठ्या आयटी कंपन्या सर्व शाखांतून मुलं घेतात आणि रुजू झाल्यावर प्रशिक्षण देतात. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. फी फक्त परीक्षेची. पण प्रमाणपत्रांची फाइल जाड करण्यासाठी ते करू नका. सोडवलेल्या असाइनमेंटमधूनच खरी समज येते.

‘आता कोड एआयच लिहितो’ म्हणून पाया कच्चा ठेवणाऱ्यांची काळजी वाटते. त्याने दिलेला कोड बहुतेक वेळा चालतो. कधी चालणार नाही ते ओळखणं तुमचं काम. शिकताना आधी स्वतः लिहा, मग त्याला चुका काढायला सांगा.

आणि आईवडिलांसाठीही एक गोष्ट. पैसे भरून मिळणारी ‘इंटर्नशिप’ हा बहुतेकदा क्लासच असतो. नोकरी लावून देतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ऑफर लेटर हातात आलं तरी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून संपर्क शोधा आणि तिथे विचारून खात्री करा.