आकड्यांचे सूर होताना

मोबाइलवर किंवा खिशात मावणाऱ्या प्लेअरवर आपण गाणे लावतो, तेव्हा त्या यंत्रात साठवलेले असतात ते फक्त आकडे. त्यांचा आवाज कसा होतो, हे समजले की ‘हाय-रेझोल्यूशन’ या शब्दासाठी किती पैसे मोजायचे, हेही ठरवता येते.

ध्वनी म्हणजे हवेतली लहर. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ही लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. इतक्या वेळा का? आपल्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि लहर जशीच्या तशी परत मिळवायची, तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावी लागते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर नोंदतात. हाय-रेझोल्यूशन संगीतात बहुधा २४ बिट असतात. तिथे पायऱ्या सुमारे १ कोटी ६७ लाख होतात आणि मोजमापे सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,०००सुद्धा असतात.

प्लेअर आधी फाइल उलगडतो. ‘फ्लॅक’ फाइल म्हणजे नीट घडी घातलेली साडी. उलगडली की पूर्ण मिळते. ‘एमपी-थ्री’ मात्र कानाला सहसा न जाणवणारा भाग कापूनच टाकते. उलगडलेले आकडे मग ‘डॅक’ नावाच्या चिपकडे जातात. ती त्यांच्यापासून कमीजास्त होणारा विद्युतदाब तयार करते आणि अॅम्प्लिफायरमार्फत तो इअरफोनचा पडदा हलवतो.

मेख वाटेत आहे. अनेक फोन कोणतेही गाणे आधी सेकंदाला ४८,००० मोजमापांत बदलून घेतात. ब्लूटूथवर तर ते बहुधा पुन्हा दाबून पाठवले जाते. म्हणजे पैसे मोजून घेतलेली फाइल कानापर्यंत तशीच पोहोचत नाही! जादा बिटांचा खरा उपयोग स्टुडिओत, ध्वनिमुद्रण करताना आणि त्यावर संस्कार करताना होतो. घरी ऐकताना मूळ मुद्रण आणि इअरफोन चांगला असणे अधिक महत्त्वाचे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. एमपी-थ्रीचे फ्लॅक केले, तर फाइल फुगते. कापलेला भाग परत येत नाही. म्हणून घरातल्या जुन्या कॅसेटवर आजीच्या ओव्या असतील, तर संगणकावर घेताना पहिली प्रत ‘वेव्ह’ किंवा फ्लॅकमध्येच ठेवावी. नातेवाइकांना पाठवायला एमपी-थ्री तिच्यावरून केव्हाही करता येते.