नगरच्या बाजारात न मिळालेला चहा

डिसेंबर १९४२मध्ये अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यातल्या एका कैद्याचा चहा संपला. कैदी होते काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, आणि संपलेला चहा चिनी होता. त्यांनी एका पत्रात हे दुःख सविस्तर मांडलं आहे. ज्या चहाची सवय होती तो संपला, नगरच्या आणि पुण्याच्या बाजारात त्याची कुणाला ओळखही नाही, आणि आता हिंदुस्थानातली काळी पत्ती पिण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्या तक्रारीचा गाभा. पत्र नवाब सद्र यार जंग म्हणजे मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलं होतं, पण ते टपालात पडलं नाही. अशी चोवीस पत्रं १९४६मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली आणि उर्दू गद्यात तो ग्रंथ मानाने वाचला जातो. चिनी चहाविषयी आपल्या मुलखात बसून इतक्या बारकाईने लिहिलेलं दुसरं काही सहज सापडणार नाही. ते उर्दूत आहे, तुरुंगातलं आहे आणि मुळात ती एक तक्रार आहे, म्हणून मराठी वाचकाच्या नजरेतून निसटलं असावं.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवलं, कार्यकारिणीतल्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बाराजण तिथे एकत्र होते. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात दगडी तटबंदी घातलेला, चांदबिबीने लढवलेला हा किल्ला. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच १९४४मध्ये लिहिला, ते सर्वांना ठाऊक आहे. आझादांचा दिवस मात्र पहाटे तीन-चारला सुरू होई. बाकीचे झोपेत असताना ते स्वतःच्या हाताने चहा करत, छोट्या पेल्यात ओतून घेत आणि लिहायला बसत. त्यांच्या चहाच्या डब्यावर ‘व्हाइट जास्मिन’ असं नाव असे. त्याचं त्यांनी उर्दूत ‘गोरी चमेली’ करून टाकलं. हा चहा का मिळेनासा झाला असेल हे समजायला नकाशा पुरेसा आहे. चीनचा बहुतेक किनारा जपानच्या ताब्यात होता, मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि त्या वसंतात ब्रह्मदेशातून चीनला जाणारा खुष्कीचा रस्ताही तुटला.

आझादांचं म्हणणं टोकाचं होतं. हिंदुस्थानात जे पिकतं ते चहा नव्हेच. त्यात दूध घालून लोक गरम सरबत पितात आणि त्यालाच चहा म्हणतात, असं त्यांचं मत. वनस्पतिशास्त्र इथे त्यांच्या बाजूने नाही. आसामात १८२३मध्ये रॉबर्ट ब्रूसच्या नजरेस पडलेलं झाड आणि चीनच्या डोंगरउतारावरचं झाड ही एकाच जातीची, कॅमेलिया सायनेन्सिसची, दोन वाणं आहेत. आसामचं पान मोठं, चीनचं लहान, एवढाच ढोबळ फरक. तरीही आझादांची जीभ खोटं सांगत नव्हती. त्यांना जो फरक जाणवत होता तो खराच होता, फक्त त्याचं कारण त्यांनी चुकीच्या ठिकाणी शोधलं. चहा हे पानाचं नाव आहे असं आपण धरून चालतो. चीनची हजार-बाराशे वर्षांची कारागिरी पाहिली तर चहा हे पानावर झालेल्या कामाचं नाव ठरतं, आणि नगरच्या बाजारात नव्हतं ते हे काम.

हे काम समजायला वांगं चिरावं. चिरलेल्या फोडी हवेत ठेवल्या की काळ्या पडतात, कारण पेशी फुटून आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि हवेतला प्राणवायू त्यांच्यावर काम करू लागतो. चहाचं पान खुडल्यावर, चुरगाळल्यावर हेच होतं. हा बदल कधी सुरू होऊ द्यायचा, किती चालू द्यायचा आणि कुठल्या घटकेला थांबवायचा, यावर चिनी चहाचे सहा मोठे प्रकार उभे आहेत. हिरव्या चहाचं पान लवकरच तापल्या कढईत जातं. उष्णतेने बदल घडवणारी विकरं निकामी होतात आणि हिरवेपणा टिकतो. हांगचौजवळच्या लुंगचिंग चहाचे कारागीर हे उघड्या हाताने करतात, पान कढईच्या बुडाशी दाबत, घासत, उलटत. पांढऱ्या चहाला जवळजवळ काहीच करत नाहीत, नुसतं सुकू देतात आणि वाळवतात. पण ते ‘काहीच न करणं’ हवामान ओळखून करावं लागतं. पिवळ्या चहाचं पान ऊब धरून दडपून ठेवतात. उलुंगाचं पान टोपल्यांत हेलकावतात, म्हणजे कडा तेवढ्या ठेचाळून तांबूस होतात आणि मधला भाग हिरवा राहतो. ज्याला आपण काळा म्हणतो आणि चिनी लोक लाल म्हणतात, त्यात बदल शेवटपर्यंत जाऊ देतात. सहावा गडद चहा, युन्नानचा पु-अर त्यातलाच, सूक्ष्मजीवांच्या हवाली करून मुरवतात. झाड एकच असू शकतं. हात बदलला की चहा बदलतो.

मग ‘गोरी चमेली’ काय होती? नावावरून ती फुलांच्या वासाच्या चहाच्या कुळातली दिसते, आणि या कुळाचं माहेर फूच्येन प्रांतातलं फूचौ शहर. नावात चमेली असली तरी तिथे वापरतात ते फूल जास्मिनम सांबॅक, म्हणजे आपला मोगरा. भाषांतरातली एवढी चूक आझादांना माफ करायला हरकत नाही, मूळ इंग्रजी नावच तसं आहे. चहाची पानं वसंतात खुडून तयार ठेवतात आणि मोगरा उन्हाळ्यात येतो, तोवर चहा थांबतो. भर दुपारी टपोऱ्या, पण न उमललेल्या कळ्या तोडतात, कारण मोगरा रात्री उमलतो आणि उमलतानाच त्याचा सुगंध सुटतो. संध्याकाळी कळ्या आणि चहा यांचे थर मिसळून ढीग घालतात. कोरडा चहा वास शोषून घेतो, तसा तो ओलावाही शोषतो आणि ढीग आतून तापतो. फार तापला तर फूल कोमेजून आंबूस वास येणार, म्हणून मध्यरात्री ढीग उपसून पसरायचा, निववायचा, पुन्हा रचायचा. सकाळी फुलं चाळून बाजूला काढायची आणि ओलावलेला चहा पुन्हा सुकवायचा. उंची चहासाठी हे सारं ताज्या फुलांनी पुन्हा पुन्हा करतात, पाच-सात वेळाही. गजऱ्यासाठीही मोगरा कळीतच तोडावा लागतो हे आपल्या फुलवाल्यांना सांगायला नको. वास कशात धरून ठेवायचा, एवढाच फूचौचा वेगळा विचार.

यावर बागायतदार म्हणेल, मातीचं काय? चीनच्या वूयी डोंगरातल्या खडकांत उगवणारं पान कोकणात लावून पाहा. आक्षेप खरा आहे, आणि डोंगर, धुकं, उंची यांनी पानाला जे मिळतं ते हाताने देता येत नाही. पण मातीच सारं काही असती, तर इंग्रजांनी नुसती रोपं आणली असती. १८४८नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून ईस्ट इंडिया कंपनीसाठी रोपं आणि बिया चोरून आणल्या, त्यांच्या जोडीला चिनी कारागीरही आणले. त्याआधी १८३०च्या दशकात आसामातही चिनी कारागिरांना बोलावलं होतं आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला माल १८३९मध्ये लंडनच्या लिलावात गेला. रोप मिळालं म्हणजे चहा मिळाला असं नव्हे, हे त्या व्यापाऱ्यांना पक्कं कळलं होतं. पुढे त्यांनी हात काढून यंत्र बसवलं, आणि १९३०च्या दशकात विल्यम मकर्चरच्या सीटीसी यंत्राने पान चुरून, फाडून, गोळी वळून काही मिनिटांत सगळा बदल एका टोकाला नेण्याची सोय केली. आपल्या घरातल्या डब्यातली दाणेदार पूड ही त्या यंत्राची. ती वाईट नाही. दुधाला पुरून उरेल असा रंग आणि कडकपणा देण्यासाठीच ती घडवली आहे. पण कुठे थांबायचं हा प्रश्न त्या यंत्राला कुणी विचारलेला नाही.

दुधाच्या बाबतीत आझादांचा संताप अधिक, आणि पुरावा मात्र कमी. हा बिघाड इंग्रजांनी केला, असं ते म्हणतात. मंगोल आणि तिबेटी लोक इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून चहात दूध, लोणी, मीठ घालत आले आहेत, आणि तेही चीनहून आलेल्या चहात. काळा चहाही इंग्रजांचा शोध नव्हे. वूयी डोंगरातला धुरकट चेंगशान श्याओचुंग त्यांच्या आधीचा. उलट शुद्धतेची तक्रार मात्र थेट चीनमधली आहे. आठव्या शतकात लू यूने चहावरचा पहिला ग्रंथ रचला, तेव्हा लोक पातीचा कांदा, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना घालून चहा उकळत होते, आणि लू यूच्या मते ते गटारात ओतण्याच्या लायकीचं होतं. (मीठ त्याला चालत असे, हे लक्षात ठेवावं.) म्हणजे आल्याचा चहा पिणारा नगरकर आणि त्यावर नाक मुरडणारे मौलाना, दोघांचेही पूर्वज थांग काळातल्या चीनमध्ये सापडतात. इंग्रज चहात दुधाचा थेंब टाकत. दुधातच पूड उकळून त्यात आलं-वेलदोडा ठेचणं हे आपलं काम. १९३०च्या दशकात चहा व्यापाराचे प्रचारक देशभर फिरून ‘योग्य’ चहा शिकवत होते, तेव्हा मसाल्यावर त्यांचा राग होता, कारण मसाला पडला की पूड कमी लागते. गंमत अशी की शब्दाच्या बाबतीत नगरचा बाजार आझादांच्या पुढे होता. उर्दूतली ‘चाय’ फारसीतून शेपटी लावून आली. मराठी ‘चहा’ चिनी ‘च्छा’च्या अधिक जवळ आहे.

राहिली साखर, आणि इथे तर नगर जिल्हाच साक्षीला येतो. चिनी चहात साखर घालायचीच तर ती स्वच्छ, स्फटिकासारखी हवी, तिला गुळाचा किंचितही वास नको, असा आझादांचा आग्रह. नेहरूंना गोडाची आवड, गूळही प्रिय. त्यांना हा फरक पटवताना आपण थकलो, अशी कबुली मौलानांनी दिली आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी या जिल्ह्यात ऊस फोफावला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला तो याच पट्ट्यात. म्हणजे गुळाच्या वासाविरुद्धची ही फिर्याद उसाच्या जिल्ह्यात बसून लिहिलेली आहे. गुऱ्हाळात काहिलीपुढे उभा असलेला गुळव्या काय करतो ते पाहिलं, तर ती फिर्याद टिकत नाही. रस उकळतो, मळी वर येते, ती काढायची. पाक दाटत जातो, आणि एका घटकेला काहील उतरवायची. थोडं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा तर करपतो. घड्याळ कामाचं नाही. बुडबुडा, वास आणि पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी एवढीच मापं. फूचौत मध्यरात्री ढीग कधी उपसायचा हे ठरवणारा कारागीर आणि हा गुळव्या एकाच शाळेतले आहेत. ज्या कसोटीवर आझादांचा चहा श्रेष्ठ ठरतो, त्याच कसोटीवर गूळही उतरतो, आणि यंत्राची दाणेदार साखर सीटीसीच्या रांगेत जाऊन बसते. नेहरूंची बाजू त्यांना स्वतःला वाटली त्याहून भक्कम होती.

एक आक्षेप अधिक टोचणारा आहे. देश पेटलेला, १९४३मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने मरत असलेली, आणि काँग्रेसचा अध्यक्ष चहाच्या वासावर पानं लिहितो. हा चोचलेपणा नव्हे काय? तो असेलही. पण त्याच पुस्तकात एप्रिल १९४३मध्ये पत्नी झुलेखा बेगम यांच्या मृत्यूची बातमी किल्ल्यात पोचल्याचं पत्र आहे, आणि सरकारकडे काहीही मागायचं नाही हा निर्धारही आहे. ज्याच्या दिवसातलं काहीच आपल्या हाती उरलेलं नाही, त्याच्यापाशी पहाटेचं पाणी किती उकळू द्यायचं एवढा एक निर्णय शिल्लक होता. बारकाव्यावरचं हे प्रेम पैशावर अवलंबून असतं असंही नाही. चिनी चहा ज्यांच्या हातांनी घडतो ते बहुतेक शेतकरी आणि मजूर; गोड पाकाची गोळी बोटांनी ओळखणारा गुळव्याही श्रीमंत नसतो.

नोव्हेंबर २०२२मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा-प्रक्रियेला आणि तिच्या रीतिभातींना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात हे सहा प्रकार आहेत आणि फुलांच्या वासाचे चहाही. फूचौच्या मोगरा-चहाच्या शेतीपद्धतीला त्याआधीच, २०१४मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली होती. अशा याद्यांनी कारागिरी वाचतेच असं नाही. पुष्कळदा त्यांनी फक्त भाव वाढतो आणि नकलांना ऊत येतो. तरी एक फायदा झाला. वारसा म्हणून जे नोंदलं गेलं ते बाग किंवा झाड नाही, प्रक्रिया आहे. आझादांच्या चुकीची दुरुस्तीच म्हणा. आज नगरच्या दुकानांतही जास्मिन ग्रीन टीचे खोके मिळतात. वजन उतरवायचं आश्वासन वर आणि धाग्याची पुडी आत. काही महागड्या डब्यांत चहाबरोबर सुकलेल्या पांढऱ्या पाकळ्याही भुरभुरलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक त्या पाहून खूश होतं. फूचौचा जाणता कारागीर मात्र सकाळी फुलं चाळून काढतो, कारण वास दिलेलं फूल पाण्यात पडलं की कडवट लागतं. त्याच्या चांगल्या चहाच्या डब्यात मोगऱ्याची पाकळी शोधूनही सापडायची नाही.